सायलेन्सरमधले फटाके म्हणजे इंजिनचा 'मोकळा श्वास' नव्हे

गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: 'बाहेरचा सायलेन्सर बसवल्यावर गाडी फटाके मारत असेल, मधेच बंद पडत असेल तर घाबरू नका. इंजिन मोकळा श्वास घेत आहे. मेन जेट मोठा टाका, स्लो वाढवून ठेवा, नवी गाडी असेल तर सेन्सर काढून टाका. बंद पडते ती इथेनॉलच्या पेट्रोलमुळे. पाचशे किलोमीटरमध्ये गाडी आपोआप सेट होते.' (बाहेरचा सायलेन्सर म्हणजे कंपनीचा नसलेला, मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, आणि स्लो म्हणजे रेस न देता इंजिनचं चालणं.) यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझं गॅरेज आहे. हा मेसेज उघडून मोबाईल पुढे करणारी पोरं दर आठवड्याला येतात. त्यातल्या जवळपास प्रत्येक वाक्याने गाडीचं नुकसान होतं, म्हणून एकेक घेतो.

पहिलं, 'मोकळा श्वास'. रेस सोडली की सिलिंडरमधलं सगळं पेट्रोल जळत नाही, थोडं न जळता बेंड पाईपात, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाईपात, उतरतं. पाईप तापलेला असतोच. त्यात बाहेरची ताजी हवा मिळाली की ते पेट्रोल तिथेच पेटतं आणि फाट्‌ असा आवाज होतो. म्हणजे जे सिलिंडरमध्ये जळायला हवं ते सायलेन्सरमध्ये जळतं. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत याचा मार थेट कॅटकॉनवर, म्हणजे सायलेन्सरमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीवर, बसतो. तो तापून खराब होतो, कधी वितळून रस्ताच अडवतो.

मग ही बाहेरची हवा येते कुठून? मेसेज लिहिणाऱ्याने हा प्रश्नच घेतलेला नाही, आणि सगळं उत्तर इथेच आहे. मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एक पोरगा आला. "भाऊ, लय फटाके मारते, अन् चौकात थांबली का बंद पडते. मेसेजमधी तं लिवलं आहे का चांगलंच आहे म्हनून." गाडी दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, बीएस-4. मी टॉर्च घेऊन खाली बसलो. हेडला बेंड पाईप जिथे लागतो तिथे वरच्या पात्यांवर बोटभर काजळी उठलेली होती. काजळी म्हणजे तिथून धूर बाहेर येतो, आणि जिथून धूर बाहेर येतो तिथून रेस सोडल्यावर हवा आत ओढली जाते.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी चालू करून लगेच जॉइंटवर साबणाचं पाणी सोडलं. पोराला हातमोजे घालून बाजूला उभं केलं आणि ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायला लावलं. जॉइंटवर फसफसून फुगे आले. (हे तापलेल्या गाडीवर करू नका, हात भाजेल.) बेंड उतरवला तर आत जुनं चेपलेलं पॅकिंग तसंच, त्यावर दुसरं चढवलेलं, आणि एका स्टडचा आटा गेलेला. नट आवळल्यासारखा वाटत होता, पण धरत नव्हता. हे पॅकिंग एकदा चेपलं की त्याचं काम झालं. बेंड जितक्या वेळा उतरवाल तितक्या वेळा नवं घालायचं. किंमत चहा-नाश्त्याइतकी.

नवं पॅकिंग घातल्यावर फटाके गेले, पण गाडी स्लोवर तरीही टिकेना, बंद पडायची. बीएस-4 च्या बऱ्याच गाड्यांत धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची बारीक व्हॅक्यूमची नळी इनटेकला (इंजिनमध्ये हवा-पेट्रोल जातं त्या वाटेला) जोडलेली असते. बाहेरचा बेंड ओढून-ताणून बसवताना ती निसटली होती. तिच्या भोकातून इनटेकमध्ये फुकटची हवा जात होती, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं, म्हणून चौकात गाडी बंद. नळी लावली आणि गाडी स्लोवर चालत राहिली, घड्याळासारखी.

म्हणून माझं सांगणं: जिथे पान्हा लागला, तिथून शोध सुरू करा. काल गाडी ठीक होती आणि आज सायलेन्सर बदलल्यावर बिघडली, तर दोष बहुधा त्या हातभर जागेत आहे.

'मेन जेट मोठा टाका.' मेन जेटचा अंमल मुख्यतः रेस पाऊणच्या वर ओढल्यावर असतो. फटाके वाजतात रेस सोडल्यावर, गाडी बंद पडते स्लोवर. तिथे पायलट जेट आणि एअर स्क्रूचा (स्लोचं पेट्रोल-हवा ठरवणाऱ्या भागांचा) अंमल असतो. मोठा मेन जेट टाकून फटाके थांबत नाहीत, अॅव्हरेज मात्र पडतो आणि प्लग काळा होतो. प्लग काढून रंग बघा: फिका तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर मिश्रण पातळ, काजळी धरली असेल तर जाड. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो) तर जेटच नसतो.

'स्लो वाढवून ठेवा.' याने गाडी चौकात बंद पडणार नाही, पण दोष तसाच राहील.

'सेन्सर काढून टाका.' सगळ्यांत महाग पडणारा सल्ला हाच. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर आपल्या बहुतेक साध्या गाड्यांतही इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले. हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते बघतो आणि ईसीयू (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) त्यावर पेट्रोल कमी-जास्त करतो. बाहेरच्या बेंडला सेन्सरची जागा नसली की लोक तो वायरसकट लोंबकळत सोडतात. मोकळ्या हवेत त्याला ऑक्सिजनच ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो वाढवत जातो. किंवा तो बिघाड ओळखून इंजिनची लाईट लावतो आणि ठरावीक हिशेबावर गाडी ढकलतो. सेन्सर जागेवर असून त्याच्या आधीच्या जॉइंटला गळती असेल तरी हीच फसगत होते. सेन्सरची वायर बेंडला टेकून जळालेली आहे का, हेही बघून घ्या.

'इथेनॉलमुळे बंद पडते.' यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारणार नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण जरा पातळ होतं. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलं तर ते पाणीही धरतं. पण त्याच पंपाचं पेट्रोल घालून गाडी परवापर्यंत नीट चालली असेल, तर आज पेट्रोलला दोष देऊन गळती बुजत नाही.

फटाका मागून नव्हे तर कार्बोरेटरकडून, एअर फिल्टरच्या बाजूने येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टायमिंग, इनटेकचा तडकलेला रबर जॉइंट (आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ते तडकतातच) आणि व्हॉल्व्हची सेटिंग बघावी लागते. व्हॉल्व्ह घट्ट झालेले असले तरी गाडी स्लोवर बंद पडू शकते.

'पाचशे किलोमीटरमध्ये सेट होते.' गळती आपोआप बुजत नाही. जळक्या वायूने ती मोठी होते, आटा गेलेला स्टड हेडमध्ये हलत राहतो, आणि मग हेड लेथवर न्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक पोराला सांगतो. फटाक्यासोबत कधी कधी सायलेन्सरच्या तोंडातून ज्वाळ निघते. आपल्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना हिवाळ्यात सुकलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) असतात, अंगणात कुटाराचे (भुश्श्याचे) ढीग आणि वेचलेला कापूस असतो. त्या आवाजाने बैल दावं तोडून पळतो, हे वेगळंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं.

त्या पोराला विचारलं, कंपनीचा सायलेन्सर कुठे आहे? "गोठ्यात, कुटाराच्या मांगं." म्हटलं, घेऊन ये. दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून आणला. लगेच चढवला नाही, आधी तोंडात टॉर्च मारली. कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं होतं. तसाच बसवला असता तर धूर कोंडून गाडी पुन्हा बंद पडली असती आणि दोष पुन्हा पेट्रोलवर गेला असता. तारेने माती खरवडून काढली, नवं पॅकिंग आणि नवा स्टड घालून बसवला.