मॅच्युअर आणि अ‍ॅडल्ट एकच नाहीत सर, तुमच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर. तुमचं म्हणणं असंय की अर्जातलं 'शी हॅज रीच्ड मॅच्युरिटी' हे वाक्य मी उगाच चूक ठरवलं, डिक्शनरीत मॅच्युअर, अ‍ॅडल्ट, मेजर सगळ्यांचा अर्थ 'मोठं झालेलं' असाच निघतो, आणि आपल्या लातूर-परभणीकडच्या खेड्यातल्या पोरांना एवढं काटेकोर धरलं तर ती इंग्रजी बोलायचीच सोडून देतील. शेवटचं पटलं. बोलताना पोरांना कुणी अडवूच नये. पण हे वाक्य अर्जातलं हाय, वय १८ पूर्ण झालं एवढंच सांगायचंय, आणि मॅच्युरिटी ते सांगतच नाही.

वय पूर्ण होण्याला, म्हणजे सज्ञान होण्याला, कायद्याचा शब्द मेजॉरिटी. १८७५ चा कायदाच त्या नावाचा हाय, जन्मतारीख दाखवली की विषय संपला. मॅच्युरिटी म्हणजे समज, ती माणसाला बघून ठरवावी लागते. अ‍ॅडल्टहूड हा आयुष्यातला काळ, तो शहाण्याला येतो तसा बेजबाबदार माणसालाही येतो, म्हणून तर 'इमॅच्युअर अ‍ॅडल्ट' म्हणता येतं. पोरांना मी व्हेरी लावून बघायला सांगतो. व्हेरी मॅच्युअर बसतं, वयाच्या अर्थानं व्हेरी अ‍ॅडल्ट बसत नाही.

आणि सर, हा नुसता ग्रामरचा कीस नाही. आईबाप ऊसतोडीला गेले, सोळा वर्षांची पोरगी घर सांभाळायली, धाकट्या भावंडांना करून घालायली, की लोक लगेच म्हणतात लई मॅच्युअर झाली, आता उरकून टाका. असेल ती मॅच्युअर, मी कुठं नाही म्हणतो, पण ती अ‍ॅडल्ट नाही! २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा पोरीची १८ आणि पोराची २१ वर्षं बघतो, समज बघत नाही. ज्वारी हुरड्यात आली म्हणून कुणी रास करतं का? अ‍ॅडोलसंट आणि अ‍ॅडल्ट दोन्ही लॅटिनमधल्या 'वाढणे' या एकाच क्रियापदातून आलेत, अ‍ॅडोलसंट म्हणजे अजून वाढायलेलं, अ‍ॅडल्ट म्हणजे वाढून झालेलं, सोळाव्या वर्षी पोरगी पहिल्यातच असते मग ती कितीही समजदार असू द्या.

अ‍ॅडल्ट लिहायला पोरी लाजतात असंही तुम्ही लिहिलंय. ते सिनेमाच्या 'ए' सर्टिफिकेटमुळं, आणि काहींना अ‍ॅडल्टरी (व्यभिचार) त्यातूनच आलं असं वाटतं, पण त्याचं मूळ वेगळंय. फॉर्मवर बिनधास्त लिहू द्या.

जाता जाता, तुमच्या कमेंटमधलं 'माय स्टुडंट्स आर व्हेरी मॅच्युअर्ड' तेवढं बदला. एफडी, विम्याची पॉलिसी मुदत भरली की मॅच्युअर्ड होते, समजदार पोरांना नुसतं मॅच्युअर म्हणायचं.