पॉलिसीचा हप्ता की पाळणाघराची फी?

बंट्याच्या लेकीचं बारसं झालं आणि त्याच्या विमा एजंट मामेसासऱ्यांनी तिच्या नावाने पॉलिसी काढायला लावली. वर्षाला ६०,००० रुपये, १५ वर्षं. पहिला चेक गेला, पॉलिसीचा कागद मागच्या आठवड्यात घरी आला. रविवारी नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर आमच्या कट्ट्यावर त्याने पेढ्यांच्या पुड्याबरोबर तोही पुढे केला. त्यावरून पेटलेला वाद टपरीवाल्या भाऊंनी ग्लास गोळा केले तरी चालूच होता.

बंट्याचं घर कसं चालतं ते आधी सांगतो. तो अंबडला कंपनीत, हातात ४०,०००. बायको सातपूरला अकाउंट्समध्ये, तिचे २६,०००, सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्याचा हप्ता १८,०००.

मास्तरांनी कागद वाचून मान डोलावली. "चांगलं केलंस. बँकेत ठेवलेला पैसा गाडीला जातो, लग्नकार्याला जातो. पोरीच्या नावावर असला की त्याला हात लागत नाही. आणि बापाचं काही बरंवाईट झालं तर पुढचे हप्ते कंपनी भरणार. लिहिलंय इथे."

मुद्दा पोकळ नव्हता. मास्तरांनी दोन मुलींची शिक्षणं अशाच सक्तीच्या बचतीवर केली, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

पप्याने कागद ओढून घेतला. "विम्याची रक्कम बघा मास्तर. सहा लाख. ह्याच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज वीस लाखांच्या आसपास. उद्या हा नसला तर वहिनी सहा लाखांत घर सोडवणार की पोरगी वाढवणार? तिशीतल्या माणसाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा नुसता विमा, वर्षाला दहा-पंधरा हजारांच्या घरात मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही."

"आणि काही झालं नाही तर पैसे बुडाले," मास्तर म्हणाले.

"हो, बुडाले. बुडावेत हीच इच्छा ठेवून भरायचे."

"तंबाखू?" सिस्टरने बंट्याकडे बघत विचारलं. ती प्रसूतिगृहात नर्स आहे, तिच्यापुढे खोटं कोण बोलणार! बंट्या म्हणाला, कधीमधी. "मग फॉर्मवर तसंच लिही. हप्ता वाढेल, वाढू दे. लपवलंस तर क्लेम अडकतो आणि तेव्हा उत्तर द्यायला तू नसतोस."

मग तिने विचारलं, बाळाचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घातलं का? बंट्याला वाटत होतं ते आपोआप जातं. सिस्टर खरोखर चिडली. "आपोआप काही जात नाही. एचआरला लेखी कळवावं लागतं, बऱ्याच कंपन्यांत त्याला ठरावीक दिवसांची मुदत असते. उद्याच मेल टाक. घरच्या वेगळ्या पॉलिसीत तर कित्येकदा ९० दिवसांनंतरच बाळ घेतात." तिच्याकडे अशी घरं येतात: दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेलं किंवा काविळीने पिवळं पडलेलं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रोजचं बिल हजारांत, आणि बाप फोनवर कुणाकुणाकडे उसने मागतोय. ती हे सांगत होती तेव्हा मास्तरही गप्प होते.

नानांनी जन्मदाखल्याची आठवण केली. २१ दिवसांत नोंद झाली तर ती फुकट होते, आणि ती दवाखान्याने महापालिकेकडे केलेलीच असते. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच कागद लागतो. म्हणून आईबापाच्या नावांची स्पेलिंगं आधारशी जुळवून घ्यायची, आणि बाळाचं नाव वर्षाच्या आत फी न भरता चढवून टाकायचं.

लसींवर सिस्टर थोडक्यात बोलली. महापालिकेच्या दवाखान्यात पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, जुलाबांवरची रोटा, पोलिओ, न्यूमोनियाची पीसीव्ही, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला, सगळं मोफत. पीसीव्हीचा एक डोस खासगीत काही हजारांचा. फ्लूची लस मात्र सरकारी वेळापत्रकात नाही, ती हवी तर डॉक्टरांशी बोलून बाहेर घ्यायची. "सरकारी लस हलकी नसते. कार्ड जपा आणि तारखा पाळा."

टपरीवाल्या भाऊंनी मध्येच विचारलं, सुनेला दिवस गेलेत, आमचं केशरी कार्ड आहे, आम्हाला काही? मुलगी झाली तर राज्य सरकारची लेक लाडकी योजना, सिस्टर म्हणाली. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, पिवळ्या आणि केशरी कार्डाला. जन्मल्यावर ५,०००, मग पहिली, सहावी, अकरावीला थोडे थोडे आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००, मिळून १,०१,०००. अंगणवाडी सेविकेकडे अर्ज द्या.

इथपर्यंत मी ऐकत होतो. मला त्या साठ हजारांकडे वेगळ्या बाजूने बघायचं होतं. वर्षाला साठ म्हणजे महिन्याला पाच. मी बंट्याला विचारलं, वहिनी कामावर परत कधी जाणार?

तो म्हणाला, "जायचंय तिला. पण आई म्हणते लेकरू लहान आहे. आणि पाळणाघरवाल्या काकू महिन्याला सहा हजार सांगतात. तिच्या पगारातले सहा गेले, रिक्षाचे गेले, तर उरतं काय? त्यापेक्षा दोन वर्षं घरी राहिलेली बरी."

हा हिशेब मी इतक्या घरांत ऐकलाय की आता राग येतो. पाळणाघराची फी तिच्याच पगारातून का वजा करायची? मूल दोघांचं, तर खर्च दोघांच्या ६६,००० मधून जातो. आणि दोन वर्षं घरी राहिली की फक्त दोन वर्षांचा पगार जात नाही. पीएफमधला कंपनीचा वाटा जातो, पगारवाढी जातात, आणि परत नोकरी शोधताना कुठल्या पगारावर सुरुवात होईल कुणी सांगू शकत नाही. बाळासाठी पाच हजार बाजूला काढण्याची ऐपत आहे ना? मग पहिल्या वर्षी ते पाळणाघराला द्या. त्यातून २६,००० येत राहतात. एकाची नोकरी अडखळली, आणि अंबड-सातपुरात ऑर्डरी कमी झाल्या की काय होतं हे आपण बघतो, तर दुसऱ्याच्या पगारावर घर उभं राहतं. पोरीला याहून मोठी पॉलिसी कुठली देणार?

"दूध?" नाना म्हणाले. "सहा महिने अंगावरचं पाजायचं ना?"

"म्हणूनच २६ आठवड्यांची रजा आहे," सिस्टर म्हणाली. "पहिल्या दोन बाळंतपणांना, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पूर्ण पगारी. २०१७ पासून. पन्नास किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोयही कंपनीने करायची असते, बंट्या, विचार तिच्या ऑफिसात. आणि तोवर तिला झोपू दे. डिंकाचे लाडू करा, न्हाऊ घालायला बाई ठेवा, पण रात्रीचे लंगोट तू बदल. फुकटचं काम आहे, आणि सगळ्यात उपयोगाचं."

मास्तर मागे हटले नाहीत. "सगळं मान्य. पण पोरीच्या नावावर काही नको का? अशाने काहीच साठत नाही." मला त्यांचं हे पटतं, म्हणून मी सुकन्या समृद्धीचं, म्हणजे मुलीच्या नावाने उघडायच्या सरकारी बचत खात्याचं, नाव काढलं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पिकतं, शिक्षणासाठी अठरा झाल्यावर किंवा दहावीनंतर निम्म्यापर्यंत काढता येतात. व्याज दर तिमाहीला सरकार ठरवतं, जानेवारी २०२४ मध्ये ते ८.२ टक्के केलं. या वर्षी हजार टाका, पाळणाघर सुटलं की वाढवा. मधे सहजासहजी मोडता येत नाही, म्हणजे मास्तरांची सक्तीही आली.

"पण चेक तर गेला," बंट्या म्हणाला.

पप्याने तारीख बघितली. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, मेडिकल तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टँप ड्यूटी कापून बाकी परत मिळतात. अर्ज लेखी, पोच घेऊन.

"मामांना काय सांगू? बारशात त्यांनी चांदीचे वाळे घातलेत."

नाना म्हणाले, मामांकडूनच टर्म घे, त्यांनाही कमिशन मिळेल. यावर पप्या आणि नानांची वेगळीच जुंपली. पप्याचं म्हणणं, ऑनलाइन स्वस्त पडतो. नानांचं म्हणणं, क्लेमच्या वेळी घरी येणारा माणूस लागतो.

सिस्टरने बंट्याला एवढंच विचारलं, "हे सगळं घेताना तिला विचारलं होतंस?"

तो नाही म्हणाला. सही त्यानेच केली होती, ती तेव्हा माहेरी सिन्नरला होती.

"मग आज कागद तिच्यापुढे ठेव. अकाउंट्स ती बघते ना?"

मास्तर उठता उठता म्हणाले, "परत करायची तर कर. पण त्याच आठवड्यात पोस्टात जाऊन सुकन्याचं खातं उघड, आणि पासबुक मला आणून दाखव."

बंट्याने पॉलिसी घडी करून शर्टाच्या आत ठेवली आणि पाथर्डी फाट्याकडे गाडी वळवली.