फॉर्म भरलास, पण आईला सांगितलंस का?

परवा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी अवयवदानावर बोलायचं होतं. सुरुवातीलाच विचारलं, अवयवदान कोण कोण करणार? जवळजवळ सगळ्यांचे हात वर. फॉर्म कोणी भरलाय? निम्म्याहून जास्त हात खाली. घरी कोणी सांगितलंय? तीन हात उरले.

त्या तिघांतला एक म्हणाला, "सर, माझ्या आजोबांनी पण केलंय." खोदून विचारलं तर ते देहदान निघालं. अरे बाबा, देहदान म्हणजे मृत्यूनंतर अख्खा देह अ‍ॅनाटॉमी विभागाला देणं. मृत्यूनंतरच्या अवयवदानात हृदय, यकृत मिळतं ते व्हेंटिलेटरवरच्या ब्रेन डेड पेशंटकडून, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, कायद्याने मृत आहे, पण हृदय अजून चालू आहे अशा पेशंटकडून. पहिल्या वर्षी देहासमोर शपथ घेतलेली पोरं ही, तरी हा घोळ.

मग एका मुलीने विचारलं, "सर, खिशात डोनर कार्ड सापडलं तर डॉक्टर आपल्याला वाचवायचा नीट प्रयत्न करतील ना?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. दोन वर्षांनी हीच कॅज्युअल्टीत उभी असणार आणि कुणाची तरी आई तिला हेच विचारणार.

तिला सांगितलं, 1994 च्या कायद्याप्रमाणे ब्रेन डेथ चार डॉक्टर मिळून ठरवतात. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान 6 तास जावे लागतात. प्रत्यारोपणाच्या टीममधला एकही डॉक्टर त्या चौघांत चालत नाही. त्या तपासण्यांतली एक अ‍ॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन चालू ठेवायचा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा आणि पेशंट आपणहून एक तरी श्वास घेतो का, ते बघत बसायचं. फार लांबतात ती मिनिटं. एकदा बघितली की तो प्रश्न पडत नाही.

आणि हो, कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांना विचारलं जातंच. त्यांची सही नसेल तर प्रत्यक्षात कोणी पुढे जात नाही.

मुलांना दोष देत नाही, कारण मी स्वतः काय केलंय ते माहीत आहे. इंटर्न होतो. अपघातातला पोरगा, बाहेर त्याचे वडील. म्हटलं, "काका, ब्रेन डेड आहे, पण हार्ट चालू आहे." त्यांनी विचारलं, "म्हणजे जिवंत आहे ना?" मी मॉनिटरकडे बघत "तसं..." म्हणालो आणि तिथून सटकलो. दुपारी समुपदेशक बाई अवयवदानाबद्दल बोलायला गेल्या तेव्हा काका म्हणाले, "सकाळी तर डॉक्टर जिवंत म्हणाले." पुढे बोलायला काही उरलंच नाही. तो नकार काकांचा नव्हता, माझा होता. ब्रेन डेथचे निकष मला तोंडपाठ होते, पण "तुमचा मुलगा गेला आहे" हे चार शब्द उच्चारायला कोणी शिकवलं नव्हतं. आजही परीक्षेत निकषच विचारतात.

माझा फॉर्म भरलेला आहे. बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळे सोडून काय द्यायचं ते दे." डोळ्यांवरून आमचं अजून चालू आहे.