बिडाचा तवा घेताय? आधी एका हातानं उचलून बघा

धाकट्या जावेनं ऑनलाइन बघून बारा इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा मागवला. दिसायला देखणा, चांगला जाडजूड. पण एका हातानं उचलेना. आठ दिवसांत ओट्याखाली गेला. मला फार वाईट वाटलं, कारण बिडाचा तवा वाईट नसतो, निवड चुकते.

माझं ठाम मत आहे, रोजच्यासाठी दहा इंची, दोन किलोच्या आसपासचाच घ्यावा. आणि तो रोज घासणारी, उतरवणारी जी कुणी असेल, तिच्याच हातात देऊन बघावा.

भाकरीचंच घ्या. गॅसवर प्रत्येक भाकरी फुगवताना तवा बाजूला करावा लागतो. पाच भाकऱ्या म्हणजे पाच वेळा उचला. म्हणून जोंधळ्याच्या भाकरीला मी पातळ लोखंडी तवाच वापरते. बीड सावकाश तापतं आणि तापलं की लवकर निवत नाही. ते थालीपीठ, धिरडं, घावन, आंबोळीला हवं.

दुकानात वाजवून बघायला शेजारच्या काकांनी शिकवलं. आपल्या सांगली जिल्ह्याला ओतकाम नवं नाही, किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती लोखंडी नांगरांसाठीच. काकांची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली. बोटाच्या पेरानं टिचकी मारली की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द वाजला तर कुठंतरी तडा आहे. मग फरशीवर ठेवून डुलतो का बघा, शेगडी इंडक्शनची असेल तर नक्कीच. बारीक दाणेदार असला तरी चालतो, खड्डे मात्र नकोत.

तेल आधीच मुरवलंय असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी घरी दोन-तीनदा मुरवा. धुऊन, गॅसवर कोरडा करून तेलाचा बोळा फिरवायचा आणि लगेच, तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत, पुसून काढायचा. मग धूर निघेपर्यंत तापवायचा. त्या पातळ तेलाचाच कडक थर होतो. तेल जास्त झालं की तवा चिकट होतो. चिंच-आमसुलाचं, टोमॅटोचं त्यात शिजवत ठेवू नका, थर निघतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी तर कधीच नको, बीड तडकतं.

२०१९ च्या पुरात आमच्या स्वयंपाकघरात पाणी होतं. परत आलो तेव्हा नॉनस्टिकची भांडी चिखलासकट टाकून द्यावी लागली. सासूबाईंचा बिडाचा तवा गंजून तांबडा झाला होता. मी तोही टाकायला काढला, तर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे गं, त्याला काय होतंय.” दोघींनी मिळून काथ्यानं घासला, दोन दिवस तेल देत राहिलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून आणलेल्या पिठाची धिरडी त्याच्यावर घातली. पहिलं चिकटलं. दुसरं अख्खं सुटून आलं.