अब्रू गेलीय? आधी पन्नास कोटी मागा

तुमच्याबद्दल पेपरात काही छापून आलंय? खोटं असेल तर चार ओळींचा खुलासा पाठवा, भागेल. खरं असेल तर मात्र वेळ घालवू नका, थेट वकील गाठा.

हे सल्ले मी अनुभवातून देतोय. अनुभव टेबलाच्या पलीकडून घेतलाय एवढंच. मध्यंतरी मला ५० कोटींची नोटीस आली. माझ्या नावावर विरारला एक वन-रूम-किचन आहे, तेही बँकेकडे गहाण. मी दिलेली बातमी साधी होती : उपनगरातल्या एका एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) प्रकल्पात झोपड्या पाडून झाल्या, इमारतीचा पत्ता नाही आणि बिल्डरने रहिवाशांना द्यायचं भाडं थकलंय. नोटिशीत माझ्या हेतूंवर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. ‘आम्ही भाडं दिलंय’ हे वाक्य तेवढं लिहायचं राहून गेलंय.

तर आकड्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. नुसत्या नोटिशीला कोर्ट फी लागत नाही. पुढे दावा लावायची वेळ आलीच, तर महाराष्ट्रात कोर्ट फीला १० लाखांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे ५० कोटी मागा नाहीतर ५०० कोटी, फी तेवढीच. मोठ्या गिऱ्हाइकाला सवलत कोण देत नाही?

प्रतिवादी करताना वार्ताहर, संपादक, मालक, फोटोग्राफर, कोणालाही वगळू नका.

गुंड मात्र पाठवू नका. ती जुनी पद्धत झाली. पत्रकारावर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. कागदाने मारलं तर त्यात काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या दिवाणी दाव्यावर थांबू नका, फौजदारी फिर्यादही ठोका. बदनामीला पूर्वी आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. नाव बदललं, दोन वर्षांची कैद तशीच आहे. ही तरतूद घटनेत बसते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय, तेव्हा ती चिंता नको. फिर्याद मुंबईत मात्र करू नका. किल्ला कोर्ट लोकलने गाठता येतं, त्यात पत्रकाराला कसला त्रास? तुमच्या कंपनीची कुठेतरी दूरच्या राज्यात एक खोलीची शाखा असेलच. बातमी ऑनलाइन आहे, ती तिथेही वाचली गेली आणि तिथेच तुमची मान खाली गेली, असं म्हणा. मग बघा गंमत. तिकीट वेटिंगवर. रजा बिनपगारी. तिथला वकील शोधायचा, त्याची फी, त्याच्या कारकुनाचं चहापाणी. सकाळपासून कोर्टाच्या बाकावर बसायचं, उठून लघवीला गेलात आणि तेवढ्यात पुकारा झाला तर काय, या भीतीने पाणीसुद्धा प्यायचं नाही. दुपारी कळतं, साहेब रजेवर आहेत. पुढच्या तारखेला वकिलांचं कामबंद. त्याच्या पुढच्या तारखेला फिर्यादीची तब्येत बरी नाही. त्याच संध्याकाळी हा आजारी माणूस वांद्र्यात कसल्यातरी टॉवरचं भूमिपूजन करत असतो, फोटो व्हॉट्सॲपवर येतो! त्याची गैरहजेरी ‘अडचण’, मी गैरहजर राहिलो तर वॉरंट. बायको विचारते, हे किती वर्षं चालणार? काय सांगू तिला? कोणालाच माहीत नाही. माहीत नसणं हाच तर त्यांचा माल आहे, त्याचेच पैसे मोजलेत त्यांनी वकिलाला.

असो. सल्ले.

जिंकायच्या भानगडीत पडू नका. जिंकायचं तर साक्षीला उभं राहावं लागेल, आणि उलटतपासणीत कोणीतरी भाड्याच्या पावत्या मागेल.

एकतर्फी मनाई हुकूम, म्हणजे समोरच्याचं न ऐकताच बातमी हटवायचा आदेश, मिळाला तर उत्तम. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग (वृत्तसंस्था) विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेख हटवायचा असाच आदेश रद्द केला. बळकट लोक लांबलचक दाव्यांनी पत्रकारांची तोंडं बंद करतात, त्याबाबत सावध राहा, असंही खालच्या कोर्टांना बजावलं. तो निकाल तुमचा वकील वाचून दाखवणार नाही. तुम्हीही वाचू नका.

आणि हरलात तर? दावा खोटा होता, त्रास द्यायलाच लावला होता, असं कोर्टाने म्हटलं तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली भरपाई किती, तर जास्तीत जास्त ३,००० रुपये. तीन हजार! मागताना पन्नास कोटी, देताना तीन हजार. समोरच्याची वर्षं गेली, दोन बातम्या त्याने भीतीने केल्याच नाहीत, त्या सगळ्याचे मिळून तीन हजार.

आता सल्ले पुरे. डोकं फिरतंय माझं.

माल्टात डॅफ्नी कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंना २०१७ मध्ये गाडीत बॉम्ब लावून मारलं, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे ४० हून अधिक दावे चालू होते. त्यानंतर युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम केला : उघड बिनबुडाचा दावा सुरुवातीलाच फेटाळायचा, खर्च दावा लावणाऱ्याकडून वसूल करायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने असा कायदा १९९२ मध्येच केला. आपल्याकडे पत्रकार दिनाला, सहा जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालतात आणि ‘निर्भीड’ हा शब्द दहा वेळा बोलून मंत्री निघून जातात. त्या भाषणांनंतर टाळ्या वाजवण्याऐवजी एकाने तरी विचारा ना, ते तीन हजार कधी बदलणार? नाही विचारणार. जाहिरात जाईल.

बिल्डरला काय बोलायचं, तो त्याच्या धंद्याला जागला. राग तुमचा येतो, संपादकांनो. माझ्यावरची नोटीस पाहून ज्यांनी आपापल्या साइटवरून तीच बातमी रात्रीतून उडवली, त्यांचा. पुरावे बघितले होते तुम्ही, माझ्याच फाइलमधून झेरॉक्स काढल्या होत्या. एकत्र उभे राहिला असतात तर वकील एक पुरला असता, खर्च वाटून गेला असता. निदान फोन तरी उचला. आणि बातमी उडवायचीच असेल तर त्या रिकाम्या पानावर लिहा, कोणाच्या नोटिशीमुळे उडवली ते. तेवढं लिहायला कोर्टाची परवानगी लागत नाही.