सोवळ्यातली मांजरे

घरात एक मांजर असताना दुसरे आणावे की नाही, हा निर्णय माणसांच्या हातात असतो असे मला वाटत नाही. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऐन पावसात एका स्कूटरखाली ओरडत बसलेले पिल्लू नवऱ्याच्या शर्टातून वर आले, तेव्हा आमचे मत कोणी विचारले नाही. घरात येणे आणि घरातले होणे यांत मात्र अंतर असते, हे पशुवैद्यांनी फोनवरच बजावले. आधी जंतांचे औषध, रक्ताची तपासणी आणि लसीकरण. तोवर जुन्या मांजराशी गाठ पडता कामा नये. शिवाय जुन्या मांजराचा वार्षिक डोस या महिन्यात येतो आहे, तर तिलाही लगेच घेऊन या.

जुनी मांजर म्हणजे सगुणा. ती कधी उंबरठ्याबाहेर पडत नाही, मग तिला कसली लागण होणार, असा माझा भाबडा प्रश्न होता. डॉक्टरांनी तो फार वेळ टिकू दिला नाही. मांजरांच्या नेहमीच्या लसीत तीन विषाणूंचा बंदोबस्त असतो. पैकी पॅनल्युकोपेनियाचा, म्हणजे मांजरांच्या पार्वोचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांना चिकटून काही महिने, प्रसंगी वर्षभरही तग धरतो. त्याला घरात यायला मांजरच लागते असे नाही. उरलेले दोघे, हर्पीस आणि कॅलिसी, सर्दी आणि तोंडातले फोड देतात. त्यांतला हर्पीस एकदा अंगात शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो आणि मांजराला मनस्ताप झाला की डोके वर काढतो. मांजराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मनस्ताप कोणता, तर दुसरे मांजर. म्हणजे पाहुण्याने काहीही आणले नसले तरी त्याच्या नुसत्या येण्याने यजमानाला शिंका सुरू होऊ शकतात. माणसांतही अशी घरे मी पाहिली आहेत.

डॉक्टर सांगत गेले : वेगळी खोली, वेगळी ताटली, वेगळा मातीचा ट्रे, पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, कपडे बदलणे. मी कागद-पेन शोधू लागले, तेव्हा स्पीकरवरचे संभाषण ऐकत वाती वळणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, लिहून काय घेतेस? सोवळं आहे हे.”

आईंना मांजरे आवडत नाहीत. परंतु ज्या शास्त्राची या घरात गेली कित्येक वर्षे उपेक्षा झाली, त्याला प्रत्यक्ष पशुवैद्यांनी दुजोरा दिल्यावर त्यांच्या अंगात वेगळेच बळ संचारले. मागच्या खोलीची हद्द त्यांनी रांगोळीने आखली. पिल्लाला कुरवाळून नवरा स्वयंपाकघराकडे वळला की आतून आवाज येई, “शर्ट बदललास? मग तिथंच थांब.” एकदा मी सॅनिटायझरची बाटली पुढे केली, तर “नुसतं चोळून काय होतंय?” म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. मी हे डॉक्टरांना तक्रारीच्या सुरात सांगितले आणि ते म्हणाले, बरोबर आहे त्यांचे. तो विषाणू साध्या सॅनिटायझरला दाद देत नाही, फरशीला पातळ केलेले ब्लीचच लागते. यानंतर घरात माझ्या शब्दाला जी काही किंमत होती ती संपली.

प्रत्यक्ष लस हा या सगळ्यातला सर्वांत किरकोळ भाग. एका कुपीतली पूड, दुसरीतले पाणी, सिरिंज, मानेजवळची चिमूट, झाले. पिल्लू तर सुई टोचली जात असताना डॉक्टरांचे बटण चावत होते. सगुणेचे तसे नाही. पिंजरा माळ्यावरून निघाल्याचा आवाज होताच ती कपाटामागे गेली आणि तिथून तिला टॉवेलसकट काढावे लागले. रिक्षात तिने असा टाहो फोडला की चालकाने दोनदा मागे वळून पाहिले आणि मीटरविषयी चकार शब्द न काढता आम्हांला दवाखान्यात पोहोचवले.

एका डोसात पिल्लाचे भागत नाही, हे नंतर कळले. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे; म्हणून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, आणि पुढे वर्षाचा बूस्टर. या तारखा सासूबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीच्या खाली “पोराला सुई” अशा लिहून ठेवल्या.

पिल्लाची रक्ततपासणी निर्दोष आली, दुसरा डोस झाला, दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवून एकमेकांच्या वासाची सवय करून झाली, आणि अखेर डॉक्टरांनी दार उघडायची परवानगी दिली. सगुणा फिस्कारली. पिल्लाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते रांगोळी ओलांडून सरळ देवघरात गेले आणि पूजेसाठी काढून ठेवलेल्या रेशमी साडीवर गोल फिरून बसले. संध्याकाळी सासूबाई फोनवर डॉक्टरांना विचारत होत्या, रेशमाला ब्लीच चालते का.