निधी मार्चमध्ये पेरा

शाश्वत शेतीवर संशोधन करायचंय? मग शेताकडे जायची घाई करू नका. हल्ली निधी 'सहयोगी' प्रकल्पाला मिळतो, त्यामुळे आधी भागीदार जमवा, प्रश्न मागाहून सुचतो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही विद्यापीठं एका पानावर आणलीत की निम्मं काम झालं. या विद्यापीठांची वार्षिक संशोधन बैठक असते, त्या जॉइंट अ‍ॅग्रेस्कोच्या जेवणाच्या रांगेत विषय काढा. हातात ताट असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. कोरडवाहू कापसात दापोलीचं काय काम, असं कुणी विचारलंच तर 'कृषी-हवामान विभागांची विविधता' म्हणा. पुढे कोणी विचारत नाही.

शीर्षक हंगाम बघून ठेवा. 2023 हे भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा तीच ज्वारी 'श्री अन्न' म्हणून मंजूर झाली. आता तिच्यावरून ड्रोन उडवा.

मुदत तीन वर्षं. तेवढ्यात जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवून दाखवतो, असं छातीठोक लिहा. इंग्लंडात रोथॅमस्टेडला गव्हाचा एक प्रयोग 1843 पासून त्याच शेतात चालू आहे. आपल्याकडेही दीर्घकालीन खत प्रयोगांची योजना 1970 पासून चालते. त्या लोकांना जमीन सावकाश बोलते हे ठाऊक होतं. तुम्हाला मात्र दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचाय, तेव्हा जमिनीनेही जरा पाय उचलावा!

आता पैशाचं. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात केंद्राचे 75 टक्के, राज्याचे 25, असा सरळ हिशेब आहे. ते 25 मागायला जा, म्हणजे किती सरळ ते कळेल. पेरणी जूनमध्ये, हप्ता फेब्रुवारीत. तोवर मजुरी खिशातून द्या, सोयाबीन काढून घ्या, मग निधी येईल आणि 31 मार्चपर्यंत खर्च झालाच पाहिजे असा मेलही येईल. पेरायला काही नसेल तर यंत्र पेरा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार, शोधा. ओलावा मोजायचं यंत्र 29 तारखेला खोक्यातून काढा, पांढऱ्या रंगाने क्रमांक घाला, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करा, कपाटात ठेवा. शेतात त्या वेळी मोजण्याएवढा ओलावा नसतोच, त्यामुळे यंत्राला इजा नाही. उपयोगिता प्रमाणपत्र 12-अ नमुन्यात भरताना 'उपयोगिता' या शब्दापाशी थांबू नका. सही करा.

राहिला शेतकरी. प्रस्तावात तो 'समान भागीदार' असतो. जमीन त्याची, पाणी त्याचं, राखण त्याची. तुमच्याकडून बियाण्याची पिशवी, टोपी आणि शेतदिनाला चहा-बिस्किट. गटाच्या फोटोत त्याला जरूर घ्या. वाऱ्याने बॅनर फडफडत असेल तर एक काठी त्यालाच धरायला द्या, म्हणजे 'शेतकरी सहभाग' फोटोत नीट वाचता येईल.

तुलनेसाठी अर्धा एकर बिनखताचा तुकडा लागतोच. तोही त्याच्याच रानात घ्या. तिथे पीक गुडघ्यालाही येत नाही, येणारे-जाणारे बांधावरून हसतात, पण शास्त्राला तुकडा हवा. त्या घटलेल्या उत्पन्नाची भरपाई कुठून, असं तो विचारेल. अंदाजपत्रक उघडून दाखवा: प्रवास आहे, आकस्मिक खर्च आहे, कार्यशाळा आहे, छपाई आहे, संस्थेचा वरखर्चही आहे. भरपाईचं खर्च-शीर्षच नाही, तर तुम्ही तरी काय करणार? (मीही एकदा हेच दाखवलंय. तो म्हणाला, "छपाई कशाची?")

तिसऱ्या वर्षी प्रकल्प संपतो, रिसर्च फेलो परीक्षेच्या अभ्यासाला लागतो, प्लॉटच्या पाट्या गोठ्याच्या छपरावर जातात. जूनच्या पहिल्या पावसाआधी शेतकऱ्याचा फोन येईल, "साहेब, त्या बिनखताच्या तुकड्यात यंदा तरी शेणखत टाकू का?"

घाईने हो म्हणू नका. म्हणा, "जरा थांबा, दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव पाठवलाय."